फाटकावरचा पहारा

विभाने पेन्सिलीने प्रश्नावलीतल्या पाचाच्या, म्हणजे ‘पूर्ण समाधानी’च्या, आकड्याभोवती गोल केला आणि कागद उलटला.

"मामंजी, सगळीकडे पाचच नका सांगू. आमच्या विद्यापीठातल्या मॅडम म्हणतील, सासऱ्यांनी सुनेची भीड धरली."

"जे आहे ते सांगतोय," सर्जेराव म्हणाले. "पोरगा नोकरीला आहे, तू वेळेवर ताट वाढतेस. माणसाला आणखी काय लागतं?"

"आता शेवटचा. आयुष्य पुन्हा जगायला मिळालं, तर एखादी गोष्ट बदलाल?"

सर्जेरावांनी समोरचा पाण्याचा पेला उचलला, न पिताच खाली ठेवला.

"नाही. काही बदलायचं नाही."

विभाने पुन्हा पाचाला गोल केला.

बायको तारामती गेल्यावर सर्जेरावांनी कराडजवळचं गाव सोडलं आणि ते जयपूरला मुलाकडे, उमाकांतकडे, राजा पार्कातल्या दोन खोल्यांत राहायला आले. उमाकांत विमा कंपनीत होता. त्याची बायको विभा लग्नानंतर विद्यापीठात मानसशास्त्र शिकत होती. कोरियाला जाऊन आलेले जवान म्हातारपणी आपल्या आयुष्यावर कितपत समाधानी असतात, हा विषय तिने घेतला तो सासऱ्यांमुळेच. त्यांची फाटकावरची हकीकत तिने साखरपुड्यातच ऐकली होती. पुढच्या शनिवारी तिने शहरातल्या अशा सात म्हाताऱ्यांना विभागात बोलावलं होतं.

"तुम्हीही चला. तुमच्या वेळचं कुणी भेटेल," ती म्हणाली.

सर्जेरावांना नाही म्हणायला कारण सुचलं नाही.

शनिवारी दुपारी वर्गातली बाकं भिंतीला सरकवून खुर्च्या मांडल्या होत्या. म्हातारे कोट घालून, पदकं लावून आले होते. एकाला ऐकू कमी येत होतं, एकाचा हात थरथरत होता. विभाने हिंदीत सगळ्यांचं स्वागत केलं आणि तीच प्रश्नावली एकेकाकडून भरून घेतली. मॅडम शेजारी बसल्या होत्या. मग तिने सर्जेरावांकडे पाहून, अभिमानाने, ती हकीकत सांगायला घेतली.

त्रेपन्नची थंडी. लढाई थांबलेली. ज्या कैद्यांनी आपल्या देशात परत जायला नकार दिला होता, त्यांच्या छावण्यांवर हिंदुस्थानी जवानांचा पहारा. त्यांतल्या कुणाचं मन बदललं, घरी जावंसं वाटलं, तर त्याने तारेपाशी येऊन पहारेकऱ्याला सांगायचं आणि पहारेकऱ्याने त्याला बाहेर काढायचं, असा हुकूम होता. आतल्या पुढाऱ्यांना ते खपत नसे. एक पोरसवदा कैदी असाच फाटकापाशी आला. मागून चौघे दगड घेऊन धावले. सर्जेरावांनी फाटक उघडून त्याला खेचून बाहेर घेतलं. तो त्यांच्या पाया पडला.

सर्जेराव स्वतःच्या बुटांकडे बघत होते.

कैदी आला होता, एवढं खरं होतं. त्याच्या टोपीला निळ्या कापडाचं ठिगळ होतं. त्याने छातीवर दोन बोटं ठेवली आणि मग तीच बोटं तारेपलीकडच्या डोंगरांकडे केली. त्याला घरी जायचंय, हे सर्जेरावांना कळलं होतं. मागे चौघेजण उभे होते, तेही दिसलं होतं. आदल्याच दिवशी दगडाने एका जवानाचं डोकं फुटलं होतं. सर्जेरावांनी लाठीने त्याला मागे जायची खूण केली. तो क्षणभर थांबला, कमरेत वाकला, जणू त्याचं काम झालं होतं, आणि परत फिरला. दुसऱ्या दिवशी सकाळी आतून एक स्ट्रेचर बाहेर आलं. वरून घोंगडी पांघरली होती. निळ्या ठिगळाची ती टोपी छातीवर ठेवलेली होती.

गावी परतल्यावर तारामतीने सहज विचारलं होतं, तिकडं काय केलंत म्हणून. तेव्हा तोंडातून उलटंच बाहेर पडलं. तिने ते शेजारी सांगितलं. पुढे ते लग्नाकार्यांत, पारावर, शाळेच्या झेंडावंदनाला सांगावं लागलं. तारामती गेली तीही तेच खरं मानून.

"इसका कोई और गवाह है?" मॅडमनी हसत विचारलं.

मागच्या खुर्चीवरून एक उंच, वाकलेला म्हातारा उठला. सुभेदार किशनसिंह. वैशाली नगरहून आले होते.

"मैं हूँ. बगल के फाटक पर हमारी पलटन का पहरा था. मैंने अपनी आँखों से देखा."

टाळ्या वाजल्या. सर्जेरावांनी मान वर केली तेव्हा किशनसिंह त्यांच्याकडेच पाहत होते.

चहाच्या वेळी सर्जेराव कप घेऊन व्हरांड्यात गेले. किशनसिंह खांबाला टेकून उभे होते.

"सुभेदार साहब, आपने झूठ क्यों बोला?" सर्जेरावांनी हळू विचारलं.

"आपकी बहू सुन रही थी."

"फिर भी."

किशनसिंहांनी कप कठड्यावर ठेवला. "वो लड़का पहले मेरे फाटक पर आया था. मैंने हाथ से आपकी तरफ़ दिखा दिया. कहा, उधर जाओ." त्यांनी कप पुन्हा उचलला. "तैंतीस साल से सोचता हूँ, आपने तो निकाल ही लिया होगा. आज आपका चेहरा देखा तो समझ गया."

आतून कुणीतरी त्यांना हाक मारली. ते वळले आणि वळता वळता म्हणाले, "बहू के पर्चे में मैंने भी पाँच ही लिखवाया है."

बसस्टॉपकडे चालताना विभा सारखी बोलत होती.

"मॅडम म्हणाल्या, ही हकीकत प्रबंधाच्या सुरुवातीलाच घाल. साक्षीदारही मिळाला. मामंजी, तुम्ही गप्प का?"

सर्जेराव फुटपाथवर थांबले. सायकली, तांगे शेजारून जात होते.

"सूनबाई, ते घालू नको."

"का?"

"मी फाटक उघडलं नव्हतं."

विभा हसायला गेली आणि तशीच राहिली. सर्जेरावांनी सांगितलं. फार वेळ लागला नाही. निळं ठिगळ सांगितलं, लाठी सांगितली, घोंगडी सांगितली. भीती वाटली होती, हेही सांगितलं. बोलताना त्यांचा डावा हात कोटावरच्या पदकावर गेला होता. तो त्यांनी खाली घेतला.

विभाने छातीशी धरलेली फाइल दुसऱ्या हातात घेतली.

"आईंना माहीत होतं?"

"नाही."

"ह्यांना?"

"नाही. तुलाच पहिल्यांदा सांगितलं."

"मग सुभेदारांनी तसं का सांगितलं? ते तर म्हणाले, डोळ्यांनी पाहिलं."

सर्जेरावांच्या ओठांवर उत्तर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"लांब होते ते," ते म्हणाले. "लांबून माणसाला नीट दिसत नाही. त्यांची काही चूक नाही. त्यांना पुन्हा विचारायला जाऊ नको."

बस आली. नेहमी विभा त्यांना आधी चढवायची, कोपराला हात द्यायची. आज ती पुढे चढली. सर्जेराव दांड्याला धरून, एकेक पायरी घेत वर आले. बस बरीचशी रिकामी होती. विभा एका बाकावर बसली होती आणि फाइल मांडीवर घेऊन तिने खिडकीजवळची जागा त्यांच्यासाठी मोकळी ठेवली होती.

"बसा, मामंजी," ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली.

सर्जेरावांनी नकारार्थी मान हलवली. राजा पार्क येईपर्यंत ते वरची दांडी धरून उभेच राहिले.