भरल्या हंड्यांचं गाव

आमच्या गावाला इज्जत लई प्यारी. पाण्यापेक्षाबी! म्हणून तर एवढी भानगड झाली.

केनियातून वांजिरूबाई येणार होत्या. देशोदेशीच्या पाण्याचं नियोजन करणारी कुठली संस्था हाय, तिच्या मोठ्या बाई. ज्या गावची विहीर आटते तिथं ओढ्यावर बंधारा बांधणार, पाणी जमिनीत मुरवणार. कुरुंद्याच्या अलीकडं आमचं गाव, विहीर होळीलाच कोरडी. मला तो बंधारा पायजेच होता. डोक्यावरचा हंडा आता माझ्या मानेला सोसत न्हाई.

पण आमचे मालक, तातेराव, पडले सरपंच! म्हणले, "पाहुणी येणार अन रिकामा हंडा दाखवायचा? अपशकुन!" झालं. टँकरचं सगळं पाणी दारोदार हंड्यांत भरून ठेवलं. त्या दिवशी गावात कोणी आंघोळ केली न्हाई. आमी बायका भरले हंडे घेऊन दारात उभ्या.

बाई आल्या. उंच, हसऱ्या. हातात एक चक्री, तिला लांब फीत गुंडाळलेली. माझी नजर चक्रीवरून हटंना.

हिंगोलीची केतकी त्यांचं बोलणं मराठीत सांगत होती. तिला इचारलं, "हे काय वो?"

"मावशी, फीत विहिरीत सोडायची. टोक पाण्याला लागलं की वाजतं."

"अगं बया! कसं वाजतं?" कवा एकदा ऐकीन असं झालं मला.

बाई घरोघर हिंडल्या, हंड्यांत डोकावल्या. मग केतकी म्हणाली, "बाई म्हणतात, भर उन्हाळ्यात इतकं पाणी! मग विहीर मोजायला नको. बंधारा पुढच्या गावाला देऊ."

तातेराव मिशीला पीळ देत होते. डोंबलाची इज्जत!

गाडी सुरू झाली. मी हंडा रांजणात ओतला अन रिकामा हंडा घेऊन गाडीच्या आडवी उभी राहिले.

"मंजुळे, काहून अपशकुन करून राहिली?" तातेराव ओरडले.

"अपशकुन कवाच झालाय! पाहुणीला दिसू द्या की!"

मागून शेजारची शिवकन्या रिकामी घागर घेऊन आली. मग आळीतल्या सगळ्याच आल्या.

बाई उतरल्या. मी टँकरचं सगळं बोलून टाकलं, केतकीनं ते बाईंना सांगितलं तशा त्या हसायलाच लागल्या. म्हणे, त्यांची आईबी घरचे उपाशी असल्याचं पाहुण्याला कळू देत नव्हती. मग थेट विहिरीवर गेल्या.

फीत खाली चालली. मी कान टवकारून बसले. फीत तळाच्या दगडाला टेकली, वाजलीच न्हाई. बाईंनी बंधाऱ्यासाठी आमचं गाव लिहून घेतलं. मला हसावं का रडावं कळंना.

तातेराव कुठं दिसंनात. बघते तर आमचा दुसरा भरला हंडा स्वतःच्या डोक्यावर घेऊन येऊन राहिले! मान वाकडी झालेली, सदरा भिजलेला. हंडा माझ्यापुढं ठेवला अन केतकीला म्हणले, "ती फीत यात सोडायला सांगा. हिला ऐकायचंय."

टूंऽऽ वाजलं.

"विहिरीतबी असंच वाजलं पायजे," मी डोळे पुसत म्हणलं.

"वाजंल," तातेराव मान चोळत म्हणले. "लई जड असतो गं हा हंडा."