पायाळूचा पाय

२०१८ सालच्या श्रावणात सुपडूचा डावा घोटा मुरगळला आणि आमच्या गल्लीला सहा दिवस दुसरं काम उरलं नाही.

आमची गल्ली म्हणजे गोडादऱ्यातली, लिंबायतच्या बाजूची, गुजराती शहराच्या कडेची. आम्ही इथे घर घेतलं तेव्हा पुढे नुसती शेतं होती आणि संध्याकाळनंतर रिक्षावाला यायला तयार नसे. मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवत होते, आमचे हे बँकेत. हळूहळू दोन्ही बाजूंनी खानदेशातली माणसं येऊन राहिली, घराघरात लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, जाणारा एक तरी माणूस झाला आणि मी गल्लीची 'बाई' झाले. आता हे नाहीत, शाळाही नाही, पण बाई आहे.

सुपडू माझ्या समोरच्या घरात राहायचा. आधीची मुलं दगावली म्हणून आईने जन्मल्याबरोबर सुपात घालून नाव ठेवलं, ते सुपडू. शिवाय तो पायाळू. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते, आईच्या पोटातून जे मूल पायांकडून बाहेर येतं ते पायाळू. कुणाच्या कंबरेत उसण भरली तर पायाळू माणसाने तिथे लाथ मारायची की उसण जाते, असं आमच्याकडे मानतात. का जाते ते कुणी सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही.

सोमवार ते शनिवार सुपडू कारखान्यात आठ लूम सांभाळायचा. बारा तासांची पाळी, सगळी उभ्याने. एका लूमचा धागा तुटला की तिकडे धाव, दुसऱ्याचा तुटला की इकडे. कारखान्याचा मास्तर, म्हणजे मुकादम, त्याला 'ए आठवाल्या' म्हणून हाक मारायचा. रविवारी सकाळी मात्र तो आंघोळ करून पांढरा लेंगा घालून ओट्यावर उभा राहायचा आणि माणसं त्याच्यासमोर पाठ वाकवून रांगेत उभी असायची. एकदा तो मास्तरही त्या रांगेत होता. सुपडू पैसे घेत नसे. नारळ आणला तर ठेवून घ्यायचा. कोपऱ्यावर चहा-भजीची गाडी लावणारे सुकदेवनाना मात्र रांगेतल्या प्रत्येकाला विचारायचे, "लाथ खाण्याआधी भजी खाणार की नंतर?"

त्या रविवारी रिंग रोडवरच्या कापड बाजारातले दलाल दीपकभाई आले. माणूस दिलदार आणि देह त्याहून मोठा. रात्री पाऊस पडून गेला होता, ओटा ओला होता. दीपकभाई वाकले आणि म्हणाले, "सुपडुभाई, जोरथी मारजो. धीमेथी मने असर नथी थती."

सुपडूने डाव्या पायावर उभं राहून उजवा उचलला आणि जोरात मारला. दीपकभाई जागचे हलले नाहीत. सुपडू हलला. डावा पाय सटकला, घोटा आतल्या बाजूला वळला आणि काठी मोडावी तसा आवाज आला. तो मी माझ्या खिडकीतून ऐकला.

दीपकभाई सरळ उभे राहिले, कंबरेवर हात फिरवला आणि म्हणाले, "अरे वाह. एकदम सारूं थई गयुं." मग खाली बसलेल्या सुपडूकडे बघून म्हणाले, "तमे केम बेठा?"

सुकदेवनानांनी तिथल्या तिथे निकाल दिला की दीपकभाईंची एवढी मोठी उसण जाणार कुठे, ती सुपडूच्या घोट्यात गेली.

सुपडूची मुलगी हर्षदा तेव्हा नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. ती घरातून बर्फाची पिशवी फडक्यात गुंडाळून घेऊन आली.

"पप्पा, पाय उशीवर वर घ्या. कुणी चोळायचं नाही, शेकायचं नाही. आणि चार पावलं टाकून दाखवा."

सुपडूने एक टाकलं आणि सरलाबाईचा, म्हणजे बायकोचा, खांदा धरला.

"चार पावलं पडत नाहीत म्हणजे एक्स-रे काढायला पाहिजे," हर्षदा म्हणाली. "मुरगळलंय की हाड गेलंय, ते बाहेरून कळत नाही."

"शाळेत शिकवलं का हे?" सुकदेवनाना म्हणाले.

"कॉलेजात."

"मग कॉलेजात हे शिकवलं का, की पायाळूच्या पायाला प्लास्टर घातलं की गुण जातो? सहा आठवडे पाय बंद. गुण आत गुदमरून मरेल. भावड्या, तू ठरव बुवा. पण इतक्या लोकांचा आधार आहेस तू."

त्या आधारावर चालणारी सुकदेवनानांची गाडी शेजारीच उभी होती, तेल तापत होतं. सुपडूने एकदा मुलीकडे पाहिलं, एकदा रांगेकडे. रांगेत अजून अकरा माणसं वाकायला तयार उभी होती. तो म्हणाला, "प्लास्टर नको."

मग गल्लीने पाय हाती घेतला. पहिल्या घराने मोहरीचं तेल कोमट करून चोळलं. दुसऱ्याने मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून शेकलं. तिसऱ्या घरातल्या उषाबाईंनी, नस चढली असेल म्हणून, अंगठा धरून असा हिसका दिला की सुपडूने तोंडात उपरणं कोंबलं. मी स्वतःला वेगळी काढत नाही. अठ्ठ्याहत्तर साली शाळेच्या जिन्यात माझा पाय लचकला होता, तेव्हा सासूबाईंनी आंबेहळद आणि रक्तचंदन उगाळून गरम लेप लावला होता. त्या आठवणीने मला इतकं भरून आलं की मी तोच लेप वाटीभर करून समोर पोचवला. तेव्हाच्या लेपाने मला बरं वाटलं होतं की सासूबाई जवळ बसल्या म्हणून, याचा विचार मी पुढे केला. वाटी पोचल्यावर.

हर्षदा कॉलेजातून आली की लेप पुसायची आणि बर्फ लावायची. ती गेली की बर्फ काढून लेप लावला जायचा. बुधवारपर्यंत पाय घोट्यापासून बोटांपर्यंत जांभळा-काळा झाला आणि नडगीवरची कातडी ताणून चकाकायला लागली.

बुधवारीच मास्तरचा निरोप आला. सोमवारी सुपडू पाळीवर आला नाही तर आठ लूम दुसऱ्याला देणार. सरलाबाई निरोप ऐकून माझ्याकडे आली आणि स्वयंपाकघराच्या दारात बसली.

"बाई, लूम गेले तर दुसरे मिळतील. पाय वाकडा राहिला तर कोण उभं करणार ह्यांना? लंगड्या माणसाला मशीनीवर कुणी घेत नाही. माझ्या भावाला नाही घेतलं."

"मग घेऊन जा ना डॉक्टरकडे."

"येत नाहीत. म्हणतात, पायाचा गुण गेला तर मी फक्त आठवाला राहीन."

मी चहाचं आधण ठेवलं.

गुरुवारी गल्लीच्या बैठकीत असं ठरलं की पायाळूला पायाळूच लागतो. भेस्तानला वाल्मिक नावाचा दुसरा पायाळू होता. तो आणि सुपडू एकमेकांचं नाव घेत नसत. वाल्मिकचं म्हणणं, सुपडू एकाच पायाने आला, दुसरा मागाहून. सुपडूचं म्हणणं, वाल्मिकला त्याच्या सुईणीने ओढून पायाळू केलं. तरीही सुकदेवनाना रिक्षाने जाऊन त्याला घेऊन आले. वाल्मिक नवीन बूट घालून आला आणि सगळ्यांना दिसतील असे काढून ठेवले.

"कुठे मारू?" त्याने विचारलं.

"घोट्यावर," सुकदेवनाना म्हणाले.

"घोट्यावर कधी मारली नाही. कंबरेची सवय आहे."

"हळू मार की."

"हळू मारून गुण येत नाही, हे तुम्हीच सांगता ना लोकांना."

वाल्मिकने मध्यम मारली. सुपडू डोळे पांढरे करून आडवा झाला. तोंडावर पाणी मारल्यावर शुद्धीवर आला. तोवर वाल्मिक बूट घालत होता. "मान गया," तो म्हणाला, "याचा पाय माझ्यापेक्षा भारी आहे. माझी लाथ परत आली." आणि लंगडत रिक्षात बसला.

त्या संध्याकाळी हर्षदाने पारोळ्याजवळच्या गावी फोन केला. शुक्रवारी दुपारी सुपडूची आई अनुसया एस.टी.ने आली. पंचाहत्तरीची बाई, हातात कापडी पिशवी, त्यात शेंगदाणे. ओट्यावर दहा-बारा माणसं बसली होती. तिने आधी मुलाचा पाय पाहिला. कातडीवर बोट दाबलं, पडलेला खड्डा भरायला किती वेळ लागतो ते पाहत राहिली. मग माणसांकडे वळली.

"दवाखान्यात का नेलं नाही?"

सुकदेवनानांनी गुणाचं सगळं नीट समजावून सांगितलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग मुलाकडे बघून आपल्या अहिराणीत म्हणाली, "तू कसाना पायाळू? पायाळू तुना मोठा भाऊ व्हता. तो गया. तू त डोकाकडथीन उना."

म्हणजे पायाळू होता तो मोठा भाऊ, जो वारला; सुपडू चारचौघांसारखा डोक्याकडून आला. मागे कढईत भजी तशीच करपत होती.

"मग इतकी वर्षं?" सुपडू म्हणाला. "गावात सगळे म्हणायचे, माय."

"म्हणोत. लोकांना एक पायाळू लागतो गावात. मी कशाला नाही म्हणू?"

"अहो आजी," सुकदेवनाना म्हणाले, "शेकडो माणसं बरी झाली इथे. ती कशी?"

"वाकली असतील चांगली. इतका वेळ रांगेत वाकून उभं राहिलं तर कंबर मोकळी होणार नाही का?"

सुपडूने पांढरा लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि हर्षदाला म्हणाला, "रिक्षा बोलव."

रिक्षात पाय आडवा ठेवायला जागा हवी म्हणून हर्षदा आणि सुपडू एका रिक्षात, आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या मागच्या रिक्षात. हाडांचे डॉक्टर गुजराती, तरुण, थकलेले. एक्स-रे उजेडावर धरून त्यांनी दाखवलं. घोट्याच्या बाहेरच्या बाजूचं हाड चिरलं होतं आणि किंचित सरकलं होतं. "पहिल्या दिवशी आला असता तर सरकलं नसतं," ते म्हणाले. "अजून आठवडाभर चालला असता, नाहीतर चोळत बसला असता, तर धातूची पट्टी आणि स्क्रू टाकावे लागले असते." मग त्यांनी कातडीवरचा पिवळा-लाल डाग पाहून विचारलं, "हे काय आहे?" मी पर्समध्ये काहीतरी शोधू लागले.

हाड बसवून गुडघ्याखाली प्लास्टर घातलं. सहा आठवडे पाय जमिनीला लावायचा नाही, झोपताना उशीवर वर ठेवायचा, बोटं हलवत राहायची, बोटं निळी पडली किंवा बधिर झाली तर लगेच यायचं. त्यानंतर घोट्याचा व्यायाम, तोही सांगतील तेवढाच. सुपडू मान हलवत ऐकत होता. आत त्याचं प्लास्टर वाळत असताना आम्ही दोघी बाहेर बाकावर बसलो होतो. अनुसयाबाईने मला शेंगदाणे दिले.

"बाई, तुम्ही शिकलेल्या. एक सांगते, कुणाला बोलू नका."

"नाही बोलणार."

"हाच आला पायांनी. दीड दिवस लागला. सुईण म्हणाली, दोघांतला एक वाचेल. आधी पाय दिसले, एवढे एवढे. काळेनिळे, आजच्यासारखेच." तिने एक शेंगदाणा सोलला. "ते पाय मी बाहेर आणलेत. ह्या लोकांच्या पाठींसाठी नाही आणले."

त्या संध्याकाळी आमच्या गल्लीत सात जणांच्या कंबरा पुन्हा दुखायला लागल्या. त्यांतल्या एकाची नऊ वर्षांपूर्वी बरी झालेली होती. उषाबाई म्हणाल्या, मला तेव्हाच शंका आली होती. वाल्मिकने भेस्तानात सांगितलं की त्याची लाथ परत आली ती यामुळेच. सुपडूने दाराला आतून कडी लावली होती. माझी खिडकी मीही त्या दिवशी बंद ठेवली.

आठ लूम सोमवारी दुसऱ्याला दिले गेले, सांगितल्याप्रमाणे.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. दीपकभाईंची कंबर पुढच्या महिन्यात पुन्हा धरली. मणक्यातली चकती सरकली होती. ते पट्टा बांधून दलाली करतात आणि सांगतात की त्या रविवारइतकं बरं पुन्हा कधी वाटलं नाही. सुकदेवनानांनी गाडी भेस्तानला वाल्मिकच्या दारात नेली. तिथे त्यांचं आता दुकान आहे, टेबलं-खुर्च्यांसकट. वाल्मिक अजून लाथ मारतो, फक्त खुर्चीवर बसून. हर्षदा एका मोठ्या हॉस्पिटलात नर्स आहे, हाडांच्याच वॉर्डात. घरी आली की गुजरातीत फोनवर बोलत असते आणि जेवताना माझ्या तब्येतीची उलटतपासणी करते. उषाबाई मुलाकडे नाशिकला गेल्या. तिथे त्या नस उतरवतात असं कळलं.

अनुसयाबाई कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी गावी वारली, शांतपणे, झोपेत. म्हणून मी आता हे लिहिलं. सुपडूला वाचायची सवय नाही, आणि ज्यांना आहे ते त्याला सांगणार नाहीत अशी माझी समजूत आहे.

सुपडूचा पाय सरळ आला. दिवाळीनंतर त्याला दुसऱ्या कारखान्यात लूम मिळाले, आठचे सहा झाले, पण उभं राहता आलं. आता दहा आहेत. तिथला मास्तर त्याला नावाने हाक मारतो. रविवारी तो नऊपर्यंत झोपतो. उठल्यावर काय करावं हे त्याला कळत नाही, म्हणून सरलाबाईजवळ बसून मेथी निवडतो आणि निवडताना काड्याही भाजीत टाकतो. ती त्याला तिथून उठवत नाही. काड्या नंतर काढते.