भट्टीचं बूड

बेकरीच्या दारावर नवी पाटी चढत होती आणि आक्काला कुणी विचारलंही नव्हतं. पाटी इंग्रजीत, कारण धाकट्या भावाला आता बडी गिऱ्हाइकं हवी होती. खाली ‘फाउंडेड बाय’ आणि त्यापुढे वडिलांचं नाव. वडील कधीच वर गेले होते, तेव्हा त्यांची हरकत असण्याचा प्रश्नच नव्हता.

“हे काय लिहिलंय?” आक्काने भाचीला विचारलं.

“स्थापना कुणी केली ते, आत्या.”

“ते कळलं. हा शब्द आला कुठून?”

भाची शाळेत इंग्रजी शिकवायची आणि शब्दांची कुळं उकरण्याचा तिला भारी नाद. “मूळ लॅटिन. फुंडुस म्हणजे तळ. फाउंड करायचं म्हणजे तळ घालायचा, मग बाकीचं त्यावर उभं राहतं.”

“म्हणजे बूड.”

“हो, बूडच.”

आक्काने बाह्या वर सारल्या आणि भावाला आत हाक मारली. रंगकामासाठी भट्टी विझवलेली होती, तिच्या तोंडाशी पहार पडलेली होती.

“वडिलांचं नाव का?”

“अगं, घरातल्या घरातच आहे ना सगळं? बाबांचं नाव म्हणजे तुझंच.”

“मग माझं लाव. ते बाबांचंच होईल.”

भावाने घसा खाकरला. “तसं नाही. लोक खोदून विचारतात. नवऱ्याला सोडून आलेली बाई...” पुढचं त्याने गिळलं.

आक्का संतापली. नवऱ्याचं घर सोडून ती माहेरी आली तेव्हा वडिलांनी तिला उंबऱ्यावरूनच आल्या पावली परत पाठवलं होतं. मग तिने ही जागा घेतली, गवंडी गाठला. पाव विकला जायला लागल्यावर वडिलांना लेकीची माया सुचली. ते गल्ल्यावर येऊन बसले, ते शेवटपर्यंत उठले नाहीत.

तिने पहार घातली आणि भट्टीच्या तळाची एक वीट उचकटली. खाली जाडं मीठ आणि काचेचा चुरा होता. असा थर घातला की विटा ऊब धरून ठेवतात, पाव खालून कच्चा राहत नाही. गवंड्याने भंगारातली काच आणायला सांगितलं होतं. आक्काकडे भंगार नव्हतं, लग्नात आलेली काचेची भांडी तेवढी होती. ती पोत्यात घालून तिने स्वतः हातोड्याने ठेचली होती.

“बाबांनी यात काय घातलंय ते दाखव,” ती म्हणाली.

भाऊ वाकला. चुऱ्यात एक निळा तुकडा होता. त्याने तो उचलून बोटाने पुसला आणि त्याचा चेहरा उतरला.

“हा पाण्याचा जग मी दिला होता तुला. पहिल्या पगारातून.”

“हो. तो सगळ्यात शेवटी फोडला. हात उचलत नव्हता.”

भावाने तुकडा जिथल्या तिथे ठेवला आणि तो बाहेर गेला. शिडीवरच्या पेंटरला त्याने वडिलांचं नाव खोडून बहिणीचं लिहायला सांगितलं. पेंटरने डबा हलवत विचारलं, “पुढे काय लिहू? वडिलांचं की नवऱ्याचं?”

भावाने वळून पाहिलं. वीट परत बसवून आक्का दारात उभी होती, हात मिठाने पांढरे.

“कुणाचंच नाही,” ती म्हणाली. “बूड घातलं तेव्हा मी एकटीच होते.”