गोलकिकच्या आधी

"सामना संपल्यावर नवरा तुला स्कोअर विचारायला लागला, तर हसू नकोस," लुत्सीनाबाई म्हणाल्या, आणि चिखलाने जड झालेला गोलकीपरचा हातमोजा बोग्नाच्या हातून काढून घेऊन त्यांनी स्वतः पिळला.

बोग्ना तिथेच हसली होती. क्लबच्या धुण्याच्या खोलीत वाफ दाटली होती आणि दोरीवरच्या जर्सींमधून पाणी ठिबकत होतं. लुत्सीनाबाई आयुष्यभर गावच्या फुटबॉल संघाचे, 'ग्रोम'चे कपडे धूत आलेल्या. त्यांचा नवरा साखर कारखान्याच्या भरभराटीच्या काळात ग्रोमच्या मागच्या फळीत खेळायचा. ओला, दगडासारखा चेंडू डोक्याने उडवण्यात त्याचा हात, म्हणजे डोकं, धरणारं कोणी नव्हतं. म्हातारपणी तो रोज सकाळी बंद पडलेल्या बसथांब्यावर जाऊन बसायचा, संघाची बस येईल म्हणून. बोग्नाला हे माहीत होतं. पण याच बाईंनी दृष्ट लागू नये म्हणून बोग्नाच्या तान्ह्या यागोदाच्या बाबागाडीला लाल फीत बांधली होती, आणि बोग्नाने घरी जाऊन ती कात्रीने कापून टाकली होती. शिकल्यासवरल्या मुलीने कशाकशाला भ्यायचं? भ्यायला तिच्यापाशी आधीच पुष्कळ होतं: पोरीचा ताप, गॅसचा बंब, जिन्यावरचा बर्फ.

सप्टेंबरात, लीगच्या एका साध्या सामन्यात, तिचा नवरा प्शेमेक, ग्रोमचा गोलकीपर, चेंडूवर झेपावला आणि समोरच्याचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. तो पडून राहिला. मग उठला, थुंकला, आणि शेवटी एक पेनल्टीही अडवली. लोक फाटकापर्यंत त्याचं नाव ओरडत आले. घरी जाताना गाडीत तो काचेतून बीटांचे ढीग बघत होता.

"किती झाले?" त्याने विचारलं.

"दोन-शून्य, साहेब," बोग्ना हसून म्हणाली. "तुम्हीही होतात म्हणे तिथे."

तोही हसला. जरा उशिराने.

मग देशभरच्या लहानमोठ्या संघांच्या कपचे दिवस आले. दुसऱ्या लीगमधल्या ग्रोमच्या वाट्याला सगळ्यात वरच्या लीगमधला एक श्रीमंत संघ आला, आणि कपच्या नियमाप्रमाणे त्यांना इथे यावं लागलं, या खड्ड्यांच्या मैदानावर, जिथे पाहुण्यांच्या खोलीत गरम पाणी दुपारीच संपतं. ग्रोम पेनल्टींवर जिंकला. डिसेंबरात दुसरा बडा संघ आला, तोही हरून गेला. लीगमध्ये मात्र ग्रोमचं रडगाणं चालूच होतं, पण लीगचं कोणाला पडलं होतं! गावाला राजधानी वर्षावा दिसत होतं, मे महिन्यातली फायनल दिसत होती.

आणि गावाला एक खूळ लागलं. प्रत्येक गोलकिकच्या आधी, म्हणजे बाहेर गेलेला चेंडू गोलकीपर पुन्हा खेळात मारण्याआधी, ग्रोमचा मधला बचावपटू वितेक मागे येई, प्शेमेकच्या मानेवर हात ठेवी, कपाळाला कपाळ लावून काहीतरी पुटपुटे आणि पळत जागेवर जाई. मंत्र आहे, लोक म्हणत. शाळेतली पोरं फळ्यापाशी जाण्याआधी एकमेकांच्या माना धरू लागली. बेकरीतली बाई पाव देताना बोग्नाची मान धरून म्हणे, "सांग की गं, काय पुटपुटतो तो? नवऱ्याने सांगितलं असेल ना तुला!"

नवरा काहीच सांगत नव्हता. तो चहात मीठ घाली आणि पिऊन टाकी. सकाळी किटली ओरडत असताना स्वयंपाकघराच्या मधोमध, पाय फाकवून, हात पुढे धरून उभा राही.

"किती झालेत?"

"प्शेमेक, मंगळवार आहे."

"हो हो," तो म्हणे, आणि हात खाली घेई. कधीकधी तिला वाटे, सप्टेंबरातल्या त्या सामन्यातून तो परतलाच नाही. गाडीतून उतरलं ते दुसरंच कोणी, त्याचे बूट घालून. रात्री ती यागोदाचा श्वास बघायला उठे, आणि मग त्याचाही बघे. क्लबच्या डॉक्टरांना तिने एकदा विचारलं, तर ते म्हणाले, "बाई, गोलकीपर म्हटला की थोडा सटकलेलाच. शहाणा असता तर पुढे खेळला नसता?" सगळे हसले. आणि एक आधार होताच. मैदानावर तो कधी गोंधळत नसे. तिथे त्याला सगळं ठाऊक असे.

मार्चमध्ये क्वार्टर फायनल झाली. गर्दीमुळे बाबागाडी प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर नेता येईना, म्हणून बोग्ना गोलच्या मागे, कुंपणाच्या जाळीला टेकून उभी राहिली. इतक्या जवळून तिने त्याला खेळताना पाहिलं नव्हतं. पायाशी घाणेरडा बर्फ आणि प्रेक्षकांनी थुंकलेल्या सूर्यफुलाच्या बियांच्या टरफलांचा सडा. चेंडू बाहेर गेला. वितेक मागे आला, त्याने प्शेमेकची मान धरली, आणि त्याचं बोलणं तिला स्वच्छ ऐकू आलं.

"एक-शून्य, आपण वर. दुसरा हाफ आहे. त्यांचा नऊ नंबर डावखुरा. मी वितेक."

प्शेमेकने मान हलवली. वरून लोक गरजले.

पुढच्या गोलकिकला पुन्हा तेच. "एक-शून्य, आपण वर. दुसरा हाफ. मी वितेक." मुलाला आंघोळ घालताना बोलावं तसा त्याचा आवाज होता. बोग्नाने जाळी इतकी घट्ट धरली की हातमोज्यातून तार रुतली.

जिंकल्यावर तिने वितेकला कपडे बदलायच्या खोलीमागे गाठलं. तो डोक्यावर बर्फाची पिशवी धरून कोळशाच्या कोठीपाशी एकटाच उभा होता.

"कधीपासून?"

त्याने पिशवी खाली घेतली. "सप्टेंबर."

"कोणाकोणाला माहीत आहे?"

"मागच्या फळीला. कोच विचारत नाहीत, आम्ही सांगत नाही." मग हळूच म्हणाला, "एक सेमीफायनल, बोग्ना. एक वर्षावा. मग मीच त्याला खांद्यावर घालून डॉक्टरकडे नेतो. आयुष्यात एकदाच येतं हे."

"कोणाच्या आयुष्यात, वितेक?"

"मी त्याला सांभाळतोय. विचार त्याला."

तिने विचारलं. प्शेमेक पलंगाच्या कडेवर बसून बुटांच्या नाड्यांकडे बघत होता. "वितेक असला की बरं असतं," तो म्हणाला. "तू नाही सांगत मला. मंगळवार सांगतेस."

दुसऱ्या दिवशी तिने यागोदाला लुत्सीनाबाईंकडे ठेवलं आणि त्याला मोठ्या शहरातल्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई एकदाही हसल्या नाहीत. खेळ बंद, त्या म्हणाल्या. यंदाचा नव्हे, कायमचा.

सेमीफायनल ग्रोम हरला, वाईट हरला. बेकरीतल्या बाईने बोग्नाची मान धरणं सोडलं, मग बोलणंही. एकदा दुकानाबाहेर ठेवलेल्या बाबागाडीच्या छपरात कोणीतरी ओंजळभर सूर्यफुलाच्या बियांची टरफलं भरून ठेवली. ती तिने रस्त्यावर उभं राहून एकेक वेचून काढली. वितेकने तिचा फोन घेणं थांबवलं.

पण पडदे ओढलेल्या खोलीत प्शेमेक हळूहळू माणसात येत होता. चहात साखर पडू लागली. मे अखेरीस, लीगच्या शेवटच्या सामन्याला, तोच म्हणाला, "जाऊ या का?" ते कोपऱ्यात, गोलच्या जवळ बसले. यागोदा त्याच्या मांडीवर होती. कोणी हात केला, कोणी नाही. ग्रोम मागे होता. गोलांच्या पाटीवर एक-दोन ठळक दिसत होतं.

गोलकिक मिळाली. वितेक सवयीने मागे आला. मंत्र आता कोणाला नको होता. तरी त्याने नव्या गोलकीपरची मान धरली.

"एक-शून्य, आपण वर," तो म्हणाला. "पहिला हाफ आहे."

नव्या गोलकीपरने पाटीकडे पाहिलं, वितेककडे पाहिलं, आणि वयाचा मान राखावा तशी मान डोलावली.

प्शेमेकने यागोदाची टोपी सारखी केली. "चुकतोय तो," तो बोग्नाला हलकेच म्हणाला. "आपण मागे आहोत. दुसरा हाफ आहे. हो ना?"

"हो," बोग्ना म्हणाली. तिला नवऱ्याकडे बघायचं होतं, पण तिची नजर मैदानावरून हलेना. तिथे एक उंच चेंडू खाली येत होता, आणि वितेक त्याच्याखाली डोकं घेऊन चालला होता.

तिने नंतर कोचला सांगितलं, तर ते म्हणाले, "बाई, आता त्यालाही नेता का?" ती वितेकच्या दारी दोनदा जाऊन आली. आत पावलं वाजली, दार उघडलं नाही. त्याला घरी कोणी नाही. बायको परदेशी काम करते, आई वारली.

म्हणून ती आता भेटेल त्याला सांगते, तुम्हालाही सांगते आहे. तुमचं त्या बाजूला जाणं झालं, तर स्टेशनासमोर औषधांचं जुनं दुकान आहे, त्याच्या वरच्या मजल्यावर तो राहतो. तिचं नाव काढू नका. तो दार उघडायला वेळ लावेल, थट्टा करेल, माझ्या डोक्याला काय होतंय म्हणेल. फुटबॉलचं काही बोलू नका. जेवलास का, एवढंच विचारा, काय जेवलास ते विचारा, आणि तो सांगेपर्यंत दारातून हलू नका.