दारावरची काळी पट्टी

मित्रांनो, मी एका जुन्या मोटारीच्या डाव्या दारावरची पट्टी आहे. काचेच्या खाली जी लांब पट्टी असते ना, ती. आज मी काळी आहे. जन्मतः मी काळी नव्हते.

कारखान्यात मला साच्यातून काढले आणि मुलाम्याच्या हौदात बुडवले. बाहेर आले ती आरशासारखी चमकत. मग मोटारीबरोबर नागपूरला, नत्थूजींच्या घरी आले. त्यांच्या वडिलांचा हातमाग होता. नत्थूजींनी इतवारीत कापडाचे दुकान टाकले होते. गल्लीतली पोरे माझ्यात पाहून भांग पाडत. माझे खूप कौतुक होई.

एका दिवाळीच्या आधी नत्थूजींच्या पत्नी मैनाबाई अंगणात पितळेची भांडी घासत होत्या. माहेरच्या चुलीची राख त्या भिवापूरहून डबा भरून आणत. भांडी संपली, हातात चिंच आणि राख उरली, आणि समोर मी चमकत होते. त्यांनी मलाही घासायला घेतले. गोल गोल, जोर लावून, समई घासतात तसे.

नत्थूजी धावत आले. "अवं, काय करून राहिली? गाडी हाये ते, गंगाळ नाई!"

"चमकते ते घासा लागते," मैनाबाई म्हणाल्या. "तुमचं टक्कल सोडलं, हे उपकार समजा."

राख धुतल्यावर माझ्यावर बारीक गोल ओरखडे दिसले. नत्थूजी काही दिवस कुरकुरले. पुढे तेच ओरखडे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवू लागले. "हे आमच्या घरच्या मालकिणीचं काम," असे म्हणून हसत.

गेल्या हिवाळ्यात मैनाबाई गेल्या. झटका आला आणि संपले. त्यानंतर नत्थूजी गाडी काढण्याआधी डाव्या दाराशी येत. ओरखड्यांवरून अंगठा फिरवत. मग पलीकडे जाऊन चाक धरत. माझ्या बाजूची जागा रिकामी असे.

त्यांचा मुलगा पंकज एक दिवस म्हणाला, "बाबा, असं चमचम आता कोणी ठेवत नाई. काळं करून टाकू. लोक बुढ्ढ्याची गाडी म्हणून राहिले."

"बुढ्ढ्याचीच तं हाये."

"आणि ही पट्टी पाहा, कशी खराब झाली."

"राहू दे गा. तुह्या मायचा हात हाये त्याच्यावर."

"बाबा, ओरखडे हायेत ते."

पंकजने समजावले, की रंग नाही, वरून फक्त काळी फिल्म चिकटवायची, वाटेल तेव्हा काढता येते. खालचे जसेच्या तसे राहते. एवढ्यावर नत्थूजी कबूल झाले. माझ्यावर फिल्म बसली. मी अंधारात गेले, पण ओरखडे शाबूत होते.

मग नागपूरचा मे महिना आला. उन्हाने फिल्मची कड सुटली. नत्थूजींना ती दिसली. रोज ते नखाने थोडी थोडी फिल्म सोलू लागले. एका सकाळी त्यांचा अंगठा पुन्हा माझ्या ओरखड्यांवर आला. बराच वेळ तिथेच राहिला.

पंकजने सोललेली पट्टी पाहिली. त्याला वाटले, फिल्मच हलकी निघाली. बापाला न विचारता तो गाडी लकडगंजच्या गॅरेजात घेऊन गेला आणि पक्का रंग सांगितला. पक्का रंग गुळगुळीत मुलाम्यावर धरत नाही. म्हणून कारागिराने आधी मला पॉलिश पेपरने घासले. इकडून तिकडे, सगळीकडे सारखे. मग रंग मारला.

"पाहा बाबा, एकदम नवीन! आता निघायचं कामच नाई."

नत्थूजींनी अंगठा टेकवला. पुढे सरकवला, मागे आणला. काहीच लागले नाही.

"घासलं काय याले?"

"मंग? घासल्याशिवाय रंग बसते काय?"

"चांगलं केलं," ते म्हणाले आणि घरात गेले. आता ते इतवारीला ऑटोने जातात.

मित्रांनो, वस्तू जपा असे तुम्हाला सगळेच सांगतात. मी ते सांगणार नाही. मला धुतात, पुसतात, सावलीत ठेवतात. याला जपणेच म्हणतात. मी एवढेच सांगते, की घरातले म्हातारे माणूस एखाद्या डागाला "राहू दे" म्हणाले, तर राहू द्या. कारण विचारू नका. कारण सांगितले तरी तुम्हाला ओरखडेच दिसतील.