चुलीच्या पोटातली माती

पिंगयानच्या पोटात दोन महिने काही ठरत नव्हतं. भात खाल्ला की तासाभरात संडास. हॉस्पिटलच्या गोळ्यांनी चार दिवस बरं वाटे, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. त्याची बायको रुइफांग रोज बाइझू या पोटाच्या औषधी वनस्पतीच्या मुळांचा काढा देई आणि गुण येत नाही म्हणून मनातून धुसफुसे. फानआनच्या डोंगरात बाइझू पिकवणारे पुष्कळ, पण त्या मुळांच्या चकत्या औषधासाठी तापल्या मातीत भाजाव्यात तर रुइफांगनंच, असं औषधवाले म्हणत, आणि तीही ते खुशाल ऐकून घेई.

म्हातारे वैद्य लोउ नाडी बघायला आले. त्यांनी डब्यातली एक चकती मोडली, हुंगली.

"माती कुठली ही?"

"ओढ्याकाठची पिवळी, काका. चाळून, कढईत तापवून घेतली."

"कढईत तापवून भागतं होय? चुलीच्या पोटातली लागते. वीस-तीस वर्षं लाकडाच्या आगीनं भाजलेली. एवढी नावाजलेली तू, आणि नवऱ्यालाच कच्ची माती पाजतेस?"

रुइफांगचा चेहरा पडला. गावात आता घरोघरी गॅस. लाकडाची चूल एकच उरली होती, थोरल्या जावेची, जूश्यांगची. तिच्या दारात रुइफांगनं बारा वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं.

भावाभावांच्या चुली वेगळ्या झाल्या त्या दिवशी, रीतीप्रमाणे जूश्यांग जुन्या चुलीतले निखारे फावड्यावर घेऊन धाकटीची चूल पेटवायला आली होती. धाकटीनं चूल घातलीच नव्हती. गॅस पेटवून दाखवत ती म्हणाली होती, "तुमचा विस्तव तुम्हालाच लखलाभ." जूश्यांग निखाऱ्यांसकट परत गेली. पुढे थोरले दीर वारले, तेव्हाही रुइफांग रस्त्यातूनच मागे फिरली.

वैद्य गेल्यावर पिंगयान भिंत धरत संडासातून आला. पट्ट्याला त्यानं आणखी एक भोक पाडलं होतं.

"जाऊ नकोस," तो म्हणाला. "वहिनी वाट्टेल ते ऐकवेल."

"ऐकवू दे. कान आहेत मला."

जूश्यांग अंगणात मोहरीचा पाला वाळत घालत होती. रुइफांगच्या हातातलं रिकामं पातेलं तिनं पाहिलं, पण हात थांबवला नाही.

"जाऊबाई."

"गॅस संपला वाटतं?"

"ह्यांचं पोट बिघडलंय. दोन महिने झाले. औषधाला चुलीतली माती हवी होती."

"विस्तव नको, माती बरी चालते?"

झणझणीत उत्तर रुइफांगच्या अगदी जिभेवर आलं होतं. ते तिनं गिळलं. "तेव्हा चुकलेच मी. माज होता." बारा वर्षं जे तोंडातून निघालं नव्हतं ते एका दमात बोलून झालं, याचं तिलाच नवल वाटलं.

जूश्यांग पाला तसाच टाकून आत गेली. रुइफांग मागोमाग गेली आणि गुडघ्यांवर बसून चुलीचं तोंड खरवडायला लागली.

"काजळी आहे ती! औषधवाली म्हणवतेस ना? माती बुडाशी असते. चूल मोडल्याशिवाय निघत नाही."

रुइफांगला ते चांगलं ठाऊक होतं. तेवढं मागायचं धाडस तिला झालं नव्हतं.

"मग राहू दे, जाऊबाई. सासूबाईंच्या हातची चूल आहे."

जूश्यांगनं कढई उतरवली, कोपऱ्यातली कुदळ घेतली आणि घाव घातला. दुसऱ्या घावाला कड ढासळली. चौथ्याला पोट उघडं पडलं. आत भाजून तांबडीकाळी झालेली ढेकळं होती. ती तिनं एकेक करून पातेल्यात भरली. रुइफांगला रडू आवरेना.

"रडतेस काय? जा, भाज. आणि आच मंद ठेव."

"तुमच्या जेवणाचं काय?"

"माझी चूल तू पातेल्यात घालून चाललीस. आता दोन्ही वेळा तुझ्याकडे येणार. भात मऊ लागतो मला."

ती आली, आणि रोज गॅसच्या भाताला नावं ठेवत जेवली. अकराव्या दिवशी दुपारी पिंगयाननं वाडगा रिकामा करून पुन्हा पुढे केला. दुसरा वाडगाही संपवून तो तासभर जागचा हलला नाही, आणि दोघी जावा उष्टी भांडी तशीच ठेवून त्याच्याकडे बघत बसल्या.