देवघरातला बिल्ला

मी एक जुना चांदीचा बिल्ला आहे, मित्रांनो. पुस्तकात मला पदक म्हणतात. पण ज्याच्या छातीवर मी पहिल्यांदा लागलो तो मला बिल्लाच म्हणायचा, म्हणून मीही तेच म्हणतो.

माझा जन्म दाबयंत्राखाली झाला. गुळगुळीत चकतीवर पोलादी ठसा आदळला आणि एका क्षणात मला दोन बाजू आल्या. पुढे राजा आणि राणी, एकाच दिशेला पाहणारे, भोवती गुलाबांची माळ. मागे फारसी अक्षरांच्या ओळी. १९११ साली दिल्लीला बादशहाचा दरबार भरला, त्याची आठवण म्हणून आम्ही हजारोंनी घडलो. सगळे अगदी सारखे.

मी विष्णू सकपाळच्या वाट्याला आलो. तो साताऱ्याकडचा, मराठा पलटणीतला नाईक. सरकारने आमच्यावर कोणाचंच नाव घातलं नव्हतं. विष्णूने छावणीच्या बाजारात एका नक्षीकाराला गाठून माझ्या कडेवर इंग्रजी अक्षरांत आपलं नाव कोरून घेतलं. तेव्हापासून मी हजारोंमधला एक राहिलो नाही.

पुढे महायुद्ध लागलं. पलटण बसऱ्याला निघाली, तेव्हा त्याने मला बायकोच्या, गीताईच्या हातात ठेवलं. म्हणाला, "जपून ठेव. परत आलो की लावीन."

तो परत आला नाही. त्याचं छायाचित्रही नव्हतं. गीताईने गावच्या सोनाराकडून माझ्या डोक्यावरची कडी कापून घेतली आणि मला देवघरात टाकांच्या शेजारी बसवलं. टाक म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेला देव. लढाईत गेलेल्या पूर्वजाचाही टाक बसवतात, त्याला वीर म्हणतात. गीताईला वाचता येत नव्हतं. पण रोज पूजा झाली की ती माझ्या कडेवरून बोट फिरवायची. कुठलं अक्षर कुठे संपतं ते तिच्या बोटाला ठाऊक होतं.

गीताई गेली आणि ते बोटही गेलं. पुढच्या सुनांना दिसली ती फक्त माझ्यावरची दोन तोंडं. टाकांमध्ये बसलेलं जोडपं म्हणजे खंडोबा आणि म्हाळसाच असणार! मागची अक्षरं कोणाला लागेनात, तेव्हा ती मोडी ठरली. मला हळद वाहिली जाऊ लागली. दर सणाला चिंच आणि राखेने घासलं जाऊ लागलं. राजाचं नाक झिजलं, राणीचा मुकुट सपाट झाला. घासताना मला कडेने धरत, म्हणून कड तेवढी वाचली. पण चिंच-राखेचा गाळ नावाच्या खाचांत बसून दगडासारखा टणक झाला. माझी पूजा चुकली नाही कधी. माझी ओळख मात्र चुकली, आणि मला सांगता येत नव्हतं.

विष्णूचा पणतू जयसिंग हवाई दलात गेला. बदल्यांमागून बदल्या झाल्या आणि निवृत्तीनंतर त्याने लखनौच्या महानगर नावाच्या भागात घर घेतलं. प्रत्येक बदलीत त्याच्या बायकोने, चंद्रप्रभाने, देवांचा डबा सामानात न टाकता मांडीवर घेऊन प्रवास केला. यंदा त्यांच्या मुलीचं, उत्कर्षाचं, लग्न ठरलं. लग्नाआधी झिजलेले टाक वितळवून त्याच चांदीचे नवे करून घ्यायची त्यांच्याकडे रीत आहे. देव उजळणं म्हणतात त्याला.

हा शब्द ऐकला आणि मी मनातून गार पडलो.

चौक नावाच्या तिथल्या जुन्या बाजारातल्या सोनाराने टाक आयुष्यात पाहिले नव्हते. चंद्रप्रभाने त्याला मोबाइलवर घोड्यावरच्या खंडोबाच्या टाकाचा फोटो दाखवला.

"माताजी, घोड़े का मुँह किधर रहेगा?" त्याने विचारलं.

"जिकडे फोटोत आहे तिकडेच! उधरही रखना, भैया. देवाला आपल्या मनाने वळवू नका."

त्याने पत्रा कापायची कात्री घेतली. भवानीच्या टाकाचे दोन तुकडे झाले आणि मुशीत पडले. मग जोतिबा. मुशीखाली निळी ज्योत घोंघावत होती. तुकड्यांच्या कडा आधी लाल झाल्या, मग वाकल्या, मग त्यांचं पाणी झालं. आता माझी पाळी.

कात्रीचा जबडा माझ्या कडेवर मिटला. सोनाराने जोर लावला. मी कापला गेलो नाही. पुन्हा जोर. कडेवरचा टणक थर कडकन फुटला आणि एक खपली उडाली.

"रुको, रुको!" आईबरोबर आलेली उत्कर्षा उठली. ती इथल्याच एका प्रयोगशाळेत काम करते. पाहिल्याशिवाय ती काही मानत नाही. "मम्मी, बाकी सब पतले थे. ये ठोस है. और ये देखो, यहाँ 'व्ही' लिखा है."

"देवाला 'ये' म्हणतेस? तुझ्या लॅबमधल्या शंका लॅबमध्ये ठेव."

"एक दिन, मम्मी. बस एक दिन."

"भट्टी गरम है, माताजी," सोनार म्हणाला.

चंद्रप्रभाने भट्टीकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. "उद्या. उद्या सकाळी पहिलं हेच काम," ती म्हणाली. उत्कर्षाने मला रुमालात गुंडाळलं. कात्रीचा व्रण अजून माझ्या कडेवर आहे.

वरच्या मजल्यावर सायरा आपा राहतात. कॉलेजात फारसी शिकवायच्या. घरचे सगळे मला घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी चष्मा पुसला आणि मला खिडकीपाशी धरलं. ओठ हलवत त्यांनी एकेक ओळ वाचली.

"भाभी, बुरा मत मानिएगा. ये मोड़ी नहीं, फ़ारसी है. लिखा है, हिंदुस्तान के बादशाह जॉर्ज पंचम का दरबार."

चंद्रप्रभा खुर्चीत बसली. "मग इतकी वर्षं मी हळद कुणाला वाहिली?"

"राणीला," जयसिंग म्हणाला. "ती लंडनहून आशीर्वाद देत असेल."

"तुम्ही गप्प बसा हो!" ती माझ्याकडे बोट दाखवत म्हणाली. "घराण्याचा देव म्हणून मांडीवर घेऊन फिरले मी याला."

त्या संध्याकाळी मी देवघरात गेलो नाही. टेबलावर स्कूटरच्या किल्ल्यांशेजारी पडून राहिलो. जयसिंगने जुनी नाणी-पदकं घेणाऱ्या एका व्यापाऱ्याला फोटो पाठवला. "बघू या, करोडपती होतो का," तो म्हणाला. थोड्याच वेळात फोन आला. कडी कापलेली, चेहरे झिजलेले, फीत नाही. चांदीच्या भावापेक्षा जरासं जास्त, एवढंच. न घासता ठेवला असता तर गोष्ट वेगळी होती.

"मग वितळवूनच टाकू," चंद्रप्रभा हळूच म्हणाली. "निदान चांदी तरी खऱ्या खंडोबाच्या कामी येईल."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच मला जास्त भीती वाटली. रागावलेल्या माणसाचं मन बदलतं. ती नुसती थकली होती.

उत्कर्षा उठली. तिने वाटीत कोमट पाणी आणलं आणि मला त्यात ठेवलं. चिंच नाही, राख नाही, पावडर नाही. थर भिजेपर्यंत ती वाट पाहत बसली. मग मऊ ब्रशने एकेका खाचेतला गाळ सोडवू लागली. घाई नाही, जोर नाही. पाणी पिवळं झालं, मग तपकिरी. चंद्रप्रभा उद्या नवे टाक आणायला देवांचा डबा पुसत होती. डब्याचं झाकण वाजलं की मी दचकत होतो.

"पापा, इधर आओ. पढ़ो."

जयसिंगने मला दिव्याखाली फिरवत वाचलं, "नाईक... विष्णू... सकपाळ." पुढची थट्टा त्याच्या ओठांवर आलीच नाही. "पणजोबा," तो म्हणाला. "यांचं आपल्याकडे काहीच नव्हतं गं. नाव फक्त श्राद्धाला घ्यायचो."

चंद्रप्रभाने डबा खाली ठेवला. मला हातात घेऊन ती कडीच्या जागेचा जुना व्रण न्याहाळू लागली.

"कडी मुद्दाम कापलेली आहे. देवघरात नीट बसावा म्हणून," ती म्हणाली. "सासूबाई सांगायच्या, गीताई देवघरासमोर तासन्तास बसायच्या. अहो, त्यांनी हा या तोंडांसाठी नव्हता ठेवला. नावासाठी ठेवला होता. हा खंडोबा नाही. हा आपल्या घराण्याचा वीर आहे."

"तो फिर कल चौक?" उत्कर्षाने विचारलं.

"वीर कुणी वितळवतं का? खंडोबा जेजुरीहून मागवू. आणि मराठीत बोल गं जरा, पणजोबा ऐकतायत."

"खापरपणजोबा, मम्मी," उत्कर्षा म्हणाली. मराठीत.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं कुणीतरी डब्यात, कपाटात किंवा देवघरात बसलेलं असेल. त्याला चकाकवायची घाई करू नका. आधी उलटून पाहा, कडेने पाहा, घरातल्या मोठ्यांना विचारा. आमच्यावरचा काळेपणा आम्हांला त्रास देत नाही. तुमच्या हातच्या घासण्याने मात्र जे जातं ते कुठल्याच सोनाराला परत घडवता येत नाही.

मी पुन्हा देवघरात, नव्या टाकांच्या रांगेत बसलो आहे, आता थोडा आडवा, कड समोर करून. मला चिंच लागत नाही, हळदही नाही. सकाळी पूजा झाली की चंद्रप्रभा कोरड्या मऊ फडक्याने मला टिपते. मग तिचं बोट कात्रीच्या व्रणावर क्षणभर थांबतं आणि तिथून सावकाश, अक्षरामागून अक्षर, पुढे सरकतं.